पैऱ्याचे दोन दिवस

माझ्या सासूनं पाच वर्षं रोज सकाळी एका माणसाला शिव्या घालत कॅन्सरची गोळी गिळली. एक दिवस चुकवला नाही. कोल्हापूरच्या डॉक्टरीणबाई मला म्हणाल्या, "ह्या गोळीनं हाडं ठणकतात, बोटं आखडतात. बरेच जण दोन-तीन वर्षांत कंटाळून सोडून देतात. मावशींनी कसं जमवलं?" मी काय सांगणार, कप्पाळ. म्हटलं, आमच्या समोरच अंबाजीअण्णाचं घर आहे ना, म्हणून.

सासूचं नाव राजाबाई. आमच्याकडं सासूला आत्ती म्हणतात. गाव निपाणीपासून अर्ध्या तासावर, ओढा ओलांडला की महाराष्ट्र. रेशन कर्नाटकाचं, दवाखाना कोल्हापूरचा आणि भांडणं आमची स्वतःची. मी बेळगावजवळच्या कंग्राळीची. माझ्या लग्नात पंगतीत आत्तीच्या पानात जिलेबी वाढायची राहिली. चुकून राहिली, माझ्या चुलत्यानं नंतर दहादा हात जोडले. त्याला आता तेरा वर्षं झाली. आत्ती माझ्या माहेरी येते, बसते, लेकराबाळांची विचारपूस करते, पण पाण्याची बाटली घरून घेऊन येते.

मीही काही गरीब गाय नाही. माझ्या जिभेला हाड नाही असं माझा नवरा शामू म्हणतो, आणि ते खोटं नाही. पण मी भांडले की तासाभरात विसरते. आत्ती विसरत नाही. ती मनात धरून ठेवते, आणि ज्याचं त्याला परत करते. चांगलं असो की वाईट, तिच्याकडं बाकी राहत नाही.

अंबाजीअण्णाच्या घराशी आमचा पैरा होता, माझा सासरा जिवंत असल्यापासूनचा. पैरा म्हणजे काय ते शहरातल्या माणसाला सांगावं लागतं. तुमच्या रानात आम्ही दोन दिवस राबलो की आमच्या रानात तुम्ही दोन दिवस राबायचं. त्यात पैसा नसतो, कागद नसतो. माणसाला माणूस आणि दिवसाला दिवस. आणि स्वतः यायचं. पगारी गडी पाठवून कुणी पैरा फेडत नाही, तसं करणं म्हणजे समोरच्याच्या तोंडावर थुंकणं.

दोन हजार वीसच्या फेब्रुवारीत अंबाजीअण्णाचा शाळू काढायला आला. आत्तीच्या डाव्या छातीत, काखेच्या जरा पुढं, लिंबाएवढी गाठ होती. तिला ती महिनाभर आधीपासून ठाऊक होती. मला सांगितली नाही, कारण मी लगेच दवाखान्यात ओढून नेलं असतं आणि पैरा राहिला असता. दोन दिवस ती त्या गाठीसकट त्यांच्या रानात वाकून शाळू उपटत होती. तिसऱ्या दिवशी आंघोळीच्या वेळी मला हाक मारली आणि म्हणाली, "नीलम, हितं बघ गं. आता चल कुठं जायाचं तिथं."

कोल्हापूरला तपासण्या झाल्या, सुई घालून तुकडा काढला, कॅन्सर निघाला. डॉक्टर प्रियदर्शनी म्हणून चाळिशीच्या बाई होत्या, बोलायला शांत. त्यांनी ऑपरेशनची तारीख दिली, तीस मार्च. आणि चोवीस तारखेला सगळा देश बंद झाला.

तरी दवाखान्यातून फोन आला. तुमचं ऑपरेशन आम्ही धरलंय, कागद पाठवतो, नाक्यावर दाखवा, सोडतील. शामूनं ओळखीच्याची गाडी ठरवली. तीस तारखेला सकाळी सहाला आम्ही निघालो आणि गावाच्या वेशीला, गल्लीच्या टोकाच्या आमच्याच गोठ्याजवळ, गाडी थांबली. रस्त्यावर दोन ट्रॉल्या मुरूम ओतलेला, वर बाभळीच्या फांद्या. ढिगापलीकडं काठी घेऊन अंबाजीअण्णा. तेव्हा तो पंचायतीचा मेंबर होता. ट्रॅक्टर त्याचा आणि ट्रॉलीही त्याचीच.

"अण्णा, दवाखान्याचा कागद हाय," शामू म्हणाला. "नाक्यावर सोडत्यात."

"नाक्यावर सोडत असतील. मी न्हाय सोडत. कोल्हापुरात रोग हाय. जायाचं तर जावा चालत, पण परत गावात पाऊल टाकायचं न्हाय."

आत्ती गाडीतून उतरली. तोवर ती त्याला भावजी म्हणायची. "भावजी, माझं आपरेशन हाय आज."

तो म्हणाला, "वहिनी, तुमी जगायचं का गावानं जगायचं, असं असंल तर मी गाव बघणार."

ते वाक्य मी आजही जसंच्या तसं सांगू शकते. आत्ती गाडीत बसली. गाडी वळायला लागली तेव्हा काच खाली करून एवढंच म्हणाली, "दोन दिवस बाकी हाईत तुझ्याकडं, अंबाज्या."

तिसऱ्या दिवशी मी अंबाजीअण्णाच्या ओट्यावर त्याचा मुलगा सौरव चहा पिताना बघितला. तो पुण्याला असतो. उसातनं, मागच्या बाजूनं आलता. पुण्यात रोग नव्हता वाटतं. त्याच आठवड्यात आमचा शाळू काढायचा होता. पैऱ्याला कुणी आलं नाही. गाठ घेऊन आत्ती, शामू आणि मी, तिघांनी चार दिवसांत तो काढला. ज्वारीच्या प्रत्येक ताटाला मी त्या माणसाचं वाटोळं चिंतलं.

इकडं डॉक्टरीणबाईंचा फोन आला, व्हिडिओवर. रेंज तेव्हा फक्त गोठ्याच्या पत्र्यावर चढलं की यायची, म्हणून आम्ही दोघी शिडी लावून वर. बाई चिडतील असं मला वाटलं होतं. त्या म्हणाल्या, "आता इथंही थिएटर जवळजवळ बंद झालंय. निम्मा स्टाफ क्वारंटाइन आहे. आपण वाट बदलू. मावशी, तुमच्या गाठीचा रिपोर्ट आलाय. ती तुमच्या अंगातल्या एका हार्मोनवर पोसते. रोज एक गोळी घ्यायची, त्यानं तिचं खाणं तुटेल. ती वाढायची थांबेल, कदाचित लहानही होईल. तोवर ऑपरेशन थांबू शकतं."

आत्ती पहिल्यांदा हसली. "म्हंजे उपाशी मारायची व्हय तिला?"

"हो, तसंच."

"मग मारा की. सावकाश मारा, काय घाई न्हाय."

गाठ मोजायची कशी, हा प्रश्न होता. बाईंनी मला फोनवरच शिकवलं. काळा दोरा गाठीवर आडवा धरायचा, दोन्ही कडांना शाईची खूण करायची, पट्टीवर ठेवून फोटो पाठवायचा. दर पंधरा दिवसांनी. ते दोरे आत्तीनं फेकू दिले नाहीत. देव्हाऱ्याखालच्या खिळ्याला एकाखाली एक बांधून ठेवले. फोन बंद पडला तर बाईंचा नंबर हरवू नये म्हणून शामूनं ट्रॉलीवर नाव घालायला आणलेल्या लाल ऑइलपेंटनं तो सोप्यातल्या भिंतीवर दोन-दोन आकड्यांच्या पाच ओळींत लिहिला. त्या नंबरवर गावातल्या आणखी दोन बायांनी पुढं फोन केले.

गोळ्या पोचवणं आणि रक्ताची तपासणी निपाणीच्या एका छोट्या दवाखान्यातली दिपाली सिस्टर करायची. तिला बाईंनी फोनवरून सगळं समजावलं होतं. ती स्कूटीनं यायची आणि ढिगाशी थांबायची, कारण पुढं वाटच नव्हती. मग आत्ती अलीकडून जाऊन त्या मुरमावर पोतं टाकून बसायची, दिपाली पलीकडून हात पुढं करून तिचं रक्त घ्यायची. अंबाजीअण्णाच्या मुरमावर बसून रक्त द्यायचं. आत्ती सुई टोचताना त्याच्या घराकडं बघायची.

आणि रोजची गोळी. सकाळी तांब्या घेऊन ओट्यावर यायची. समोरच्या दाराकडं तोंड. "अंबाज्या, तुझ्या नावानं," म्हणायची, पुढं दोन-तीन अशा शिव्या की ऐकताना आत माझी भाकरी करपायची, आणि मग गोळी. समोर कधी कधी तो तंबाखू मळत बसलेला असायचा. मान खाली घालायचा. पहिल्या महिन्यात तिच्या गुडघ्यांनी संप पुकारला, बोटं वळेनात. मी म्हटलं, आत्ती, बाईंना सांगून बंद करू या का? म्हणाली, "मी मेले तर त्यो सुटला."

दोरा लहान होत गेला. ऑगस्टमध्ये ऑपरेशन झालं, गाठ बोराएवढी राहिली होती. नाकात काडी घालून तपासणी, सोबत एकच माणूस, डॉक्टर सगळे पायापासून डोक्यापर्यंत पांढऱ्या पिशवीत. आत्तीनं आपली डॉक्टरीण आवाजावरून ओळखली. नंतर मशीनचा शेक, रेडिएशनचा. तो पंचवीस दिवस असतो म्हणे, पण एवढे दिवस जाऊन-येऊन करण्यात धोका म्हणून बाईंनी पाच दिवसांत बसवला, दर दिवशी जरा जास्त. केमो लागली नाही. पुढं पाच वर्षं भरेपर्यंत तीच गोळी आणि तीन महिन्यांनी फोन.

रस्ता कधीच मोकळा झाला होता. जेसीबीनं ढीग मधनं कापला, पण निम्मा मुरूम आमच्या गोठ्याच्या कडेला ढकलून गेले. आमचीच जागा. त्यावर एरंड उगवला, कुत्री बसायला लागली. पंचायतीची माणसं उचलायला आली तर आत्ती वर जाऊन बसली. "ज्यानं टाकला त्यो उचलंल. हातानं. माझं दोन दिवस बाकी हाईत त्याच्याकडं." एकदा अंबाजीअण्णानं खरंच दोन गडी पाठवले. आत्तीनं त्यांना चहा पाजला, बिस्किटं दिली आणि परत लावलं. "त्याला सांगा, पैऱ्याला पगारी माणूस पाठवायची रीत कुठली? त्याच्या आज्जीची?"

साडेचार वर्षं गेली अशी. लोक हसायचे. मी नाही हसले. येता-जाता तो ढीग बघून मला रोज बरं वाटायचं.

गेल्याच्या गेल्या वर्षी, दिवाळीनंतर, अंबाजीअण्णाची बायको मागच्या दारानं आमच्या सोप्यात आली. सत्यवतीकाकी. आत्ती रानात होती. काकी पदराचं टोक पिळत उभी राहिली. "नीलमा, ह्यांच्या गालात आतनं जखम झाल्या. दोन महिनं झालं, भरंना. आता तोंड बी उघडंना. औषधं लई केली. तुझ्या सासूच्या डॉक्टरीणबाईचा नंबर तेवढा दे गं."

नंबर तिच्या डोक्यामागं भिंतीवर होता. फक्त त्यावर आदल्याच आठवड्यात सोसायटीचं नवं कॅलेंडर लावलं होतं, त्याच्याखाली शेवटचे दोन आकडे दिसत होते. मी पुढं होऊन कॅलेंडर सरळ केल्यासारखं केलं आणि खाली ओढलं. म्हटलं, "काकी, फोन बदलला की मी. नंबर गेला बघा."

"शामूकडं असंल की."

"त्यांच्याकडंही नाही."

ती गेली. खोटं कशाला बोलू, मला आनंद झाला. पोटातून झाला. त्या संध्याकाळी भाकरी थापताना मी गुणगुणत होते. शामूनं विचारलं, आज काय विशेष? म्हटलं, काही नाही.

तीन आठवड्यांनी काकीनं आत्तीला रानातल्या वाटेवर गाठलं. साडेचार वर्षांत पहिल्यांदा. आत्ती घरी आली, पायही न धुता सोप्यात गेली, कॅलेंडर खिळ्यावरून काढलं आणि नंबरासमोर उभी राहिली.

"नंबर हरवलाय म्हणं."

मी कॅलेंडर तिच्या हातातून घ्यायला गेले, तिनं दिलं नाही.

"कवा आलती ती?"

"झाले तीन आठवडे."

"आणि तू मला सांगितलं न्हाईस."

"आत्ती, त्यानं तुम्हाला मरायला सोडलं होतं. गाव बघणार म्हणाला होता. आता बघू दे त्याला गाव."

"मला सोडलं होतं त्यानं. तुला न्हाय. दावा माझा हाय, तू कोण मधी येणार?" तिचा आवाज चढला नाही, म्हणून जास्त लागला. "आणि त्यो मेला तर माझं दोन दिवस कोण फेडणार? तू?"

मला वाटलं, तोंडाला येतं ते बोलते आहे. मी भांडी घासायला गेले.

आत्ती तशीच समोरच्या घरात गेली. मला मागं यायला लावलं, फोन घेऊन. अंबाजीअण्णा बाजेवर बसला होता, तोंडावर टॉवेल. अर्धा झाला होता माणूस. आत्तीला दारात बघून उठायला लागला.

"बस. तोंड उघड." त्याचं तोंड दोन बोटांपलीकडं उघडेना. आत्तीनं वाकून बघितलं, सावकाश, काही घाई नसल्यासारखं. "माझं दोन दिवस बुडवून जायाचा इचार हाय व्हय रं?"

तो काहीतरी म्हणाला. "वहिनी" एवढं कळलं.

मी व्हिडिओ लावला. डॉक्टरीणबाई आता दर गुरुवारी दुपारी फोनवरच पेशंट बघतात. कोरोनात सुरू केलं ते बंद केलं नाही, लांबच्या माणसाचे हेलपाटे वाचतात म्हणून. सौरवनं बॅटरी धरली, मी फोन धरला. बाईंनी बराच वेळ बघितलं. म्हणाल्या, तुकडा निपाणीलाच काढा, दिपाली सिस्टरकडं आता सोय आहे, मी तिला फोन करते. स्कॅनही तिकडंच. इथं फक्त ऑपरेशनला या. मग विचारलं, "एवढे दिवस का थांबलात? महिनाभर आधी दाखवलं असतं तर कदाचित जबड्याचं हाड वाचलं असतं. आता काढावं लागेल असं वाटतंय."

काकीनं माझ्याकडं बघितलं. बोलली असती तर बरं झालं असतं, मी भांडले असते. मी फोनवर बोट ठेवून बघत बसले.

ऑपरेशनची तारीख जानेवारीत मिळाली. तीन दिवस आधी सकाळी अंबाजीअण्णा कुदळ, खोरं आणि घमेलं घेऊन ढिगाशी हजर. आत्तीनं बोलावलं नव्हतं. तिनं गोठ्यातली बादली आणली, पालथी घातली, वर बसली. पाच वर्षांचा मुरूम, पाऊस-उन्हानं सिमेंटसारखा झालेला. कुदळ मारली की ठिणगी उडायची. सौरव पळत आला, बापाच्या हातातलं खोरं घ्यायला लागला.

"उसातनं आलतास त्यो तूच न्हवं?" आत्ती म्हणाली. "बाजूला हो. तुझा पैरा न्हाय ह्यो."

गल्ली जमली. कुणी म्हणालं, राजाक्का, आजारी माणूस हाय. आत्ती म्हणाली, "मी बी आजारीच होते." आणि मोजत राहिली. गोठ्यामागं खड्डा होता, तिथं तो घमेलं नेऊन ओतायचा, परत यायचा. आत्ती प्रत्येक घमेल्याला मोठ्यानं आकडा म्हणायची. दुपारी मला म्हणाली, "आंबील कर त्याला, पातळ. उपाशी राबवला असं कुणी म्हणायला नको." मी करून दिली. तो एका गालानं पीत होता, निम्मी छातीवर सांडत होती. मला दया आली म्हणू का? नाही आली. मी मनात म्हणत होते, अजून.

दिवस कलला तेव्हा एक्केचाळीस घमेली झाली होती आणि ढीग निम्म्यावर आला होता. अंबाजीअण्णा खोऱ्यावर टेकून म्हणाला, "उरलेलं उद्या काढतो, वहिनी. परवा ॲडमिट हाय."

"उद्या न्हाय."

"मग?"

"एक दिवस बाकी ऱ्हाऊ दे. परत आल्यावर."

"न्हाय आलो तर?"

"तर बुडव्या म्हणून जाशील. सगळ्या गावाला सांगेन मी. तुझ्या दहाव्याला येऊन सांगेन."

त्यानं तिच्याकडं बघितलं. मग घमेलं उचलून घरी गेला. खोरं टेकत गेला, पण पाय जरा भराभर टाकत होता असं मला वाटलं.

जबड्याचं डावं हाड काढलं. पुढं तीस दिवस शेक. परत आला तेव्हा चेहऱ्याची एक बाजू आत गेलेली, बोललेलं फक्त काकीला कळायचं. ती त्याला गाळून गाळून भरवायची. आता सकाळी समोरच्या ओट्यावर तो तोंड उघडायचा व्यायाम करत बसायचा, दातांत लाकडी पट्ट्या धरून, आज एक, पुढच्या आठवड्यात दोन. डोळ्यांतून पाणी यायचं त्याच्या. इकडून आत्ती तांब्या घेऊन, "अंबाज्या, तुझ्या नावानं." तो पट्ट्या दातांत धरून ऐकायचा.

गेल्या वर्षी एप्रिलमध्ये आत्तीची पाच वर्षं पूर्ण झाली. बाई फोनवर म्हणाल्या, "झालं मावशी. आता गोळी बंद. तपासणीला वर्षातून एकदा या." दुसऱ्या दिवशी सवयीनं ती तांब्या घेऊन ओट्यावर आली. हातात गोळी नव्हती. समोर बघून "अंबाज्या" म्हणाली आणि पुढं काय म्हणायचं ते तिला सुचेना. नुसतं पाणी प्यायली. समोरून त्यानं हात वर केला.

यंदा मे महिन्यात, वळीव पडून मुरूम जरा नरम झाल्यावर, तो परत आला. कुदळ, खोरं, घमेलं. अंगावरचा शर्ट दुसऱ्या कुणाचा असावा इतका सैल. आत्तीनं बादली पालथी घातली. गल्ली पुन्हा जमली. मी गोठ्याच्या दारात उभी राहून बघत होते. एक, दोन, तीन. सहावं घमेलं कलंडलं आणि निम्मा मुरूम त्याच्या पायावर पडला. तो वाकून भरायला लागला.

"थांब," आत्ती म्हणाली. "तुझं झालं."

त्यानं मान हलवली. ढिगाकडं बोट केलं. अजून बराच होता.

"माझं दोन दिवस तुझ्याकडं होतं. तुझं बी कुणाकडं काय होतं, ते मी इतकं दिस बघत होते." मग तिनं मान न वळवता हाक मारली. "नीलम. ये हिकडं. खोरं घे."

"मी कशाला?"

"नंबर भिंतीवर होता," ती सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली. "सत्यवती मागायला आलती. हिनं वरनं कॅलेंडर ओढलं आणि हरवला म्हणून सांगितलं. तीन आठवडं. डॉक्टरीणबाई काय म्हणल्या ते तुमाला ठावं हाय."

सगळ्यांची तोंडं माझ्याकडं वळली. शामूचंही. मला अंगाची आग आग झाली. पाच वर्षं जिच्यासाठी मी ह्या माणसाला शिव्याशाप दिले, पत्र्यावर चढले, दोरे मोजले, ती मला भर गल्लीत उभी करत होती. मी म्हटलं, "तुमच्यासाठीच केलं आत्ती. सगळं तुमच्यासाठी."

"माझ्यासाठी न्हाय केलंस. मी सांगितलं व्हतं का? तुला बरं वाटत व्हतं म्हणून केलंस. त्या दिवशी भाकरी थापताना गाणं म्हणत व्हतीस. ऐकलंय मी."

मग ती बादलीवरून उठली. अंबाजीअण्णाचा दंड धरून त्याला बादलीवर बसवलं. "हिचा पैरा तुझ्याकडं. मोज."

त्यानं माझ्याकडं बघितलं. त्याला हे पहिल्यांदाच कळत होतं, काकीनं त्याला कधी सांगितलं नव्हतं. मला वाटलं, आता हात हलवून राहू दे म्हणेल. म्हातारा माणूस, आजारी माणूस, समोरची पोर. तसं काही केलं नाही. गुडघ्यांवर हात ठेवून नीट बसला.

मी पदर खोचला आणि खोरं घेतलं. बोलता येत नव्हतं म्हणून तो बोटांवर मोजत होता. दहा झाली की मुठी मिटायचा आणि पुन्हा एकापासून. काकी पाणी घेऊन आली ती त्याच्यासाठी. आत्ती ओट्यावर जाऊन शेंगा फोडत बसली, एकदाही वर बघितलं नाही.

बत्तिसाव्या घमेल्याला मी कमरेवर हात ठेवून उभी राहिले. हाताला फोड आले होते. त्यानं मला श्वास घेऊ दिला. मग बोट वर केलं आणि ढिगाकडं दाखवलं. ढीग अजून गुडघाभर होता.

मी खोरं उचललं.